तीन मजली रुखवत

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मध्ये मला थांबावं लागणार नाही. चहा गार झाला की माझं डोकं तापतं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि हा किस्सा सगळा गार झालेल्या चहाचाच आहे. चूक कोणाची होती? माझी! आमच्या ह्यांना विचारा, हे वाक्य माझ्या तोंडून त्यांनी कितीदा ऐकलं ते. म्हणतील, आज पहिल्यांदाच ऐकून राहिलो.

तर आमचं गाव नवेगाव बांधाच्या अलीकडचं. धानाची शेती. गावच्या तलावाची पाळ आमच्या वाडवडिलांनी बांधलेली, त्यामुळे मान कसा द्यावा आणि कसा घ्यावा हे आम्हाला कोणी शिकवायचं नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे माझ्याच अंगावर येणार आहे.)

पोरगा प्रशांत तिरोड्याला पॉवर प्लांटात नोकरीला. त्याच्यासाठी गोंदियाची मोनाली पाहिली. औषधाच्या दुकानात काम करणारी, नजर खाली न घालणारी पोरगी. माणसं आपल्याच समाजातली, पण दोन पिढ्या गोंदियात काढलेली. मराठीत बोलतात आणि हिंदीत भांडतात. पोरगी आम्हाला पसंत, पोरगा त्यांना पसंत. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख तेवढी काढायची राहिली होती.

एक दिवस मोनालीच्या आईचा, मीनाताईंचा फोन. "समधनजी, घरी काय नेहमीचंच! या इतवारी सगळे गोंदियाला या. दिवसभर आरामात फिरू, आणि तीन वाजता हॉटेलात हाय टी घेऊ. तिथंच तारीख काढू."

"म्हणजे चहाच नं?"

"नुसता चहा नाही हो, हाय टी!"

फोन ठेवून प्रशांतला विचारलं, "काय रे, हाय टी म्हणजे काय राहते?"

"आई, चहासोबत खायला राहते."

"मंग आपल्या घरी काय चहासोबत मार खायला राहते?"

तो गप्प बसला. माझ्यापुढे सगळे बसतात. तिथंच घात होतो.

आता मधली एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं डोक्यात शिरणार नाही. माझी धाकटी जाऊ सुमन. तिच्या पोराचं साक्षगंध गेल्या साली सडक अर्जुनीला झालं. रुखवत आधी लग्नातच मांडायचे, पण हल्ली हौस वाढली, साक्षगंधालाही छोटंसं मांडतात. मुलीकडच्यांनी मांडायचं, मुलाकडच्यांनी घेऊन जायचं. पण आमची सुमन जेवली, हात पुसले आणि रुखवत तिथंच सोडून गाडीत बसली! मुलीकडच्यांनी काय समजावं? रुखवत नेलं नाही म्हणजे पोरगी मनात नाही. झालं! रडारड, फोनाफोनी. ते लग्न वाचवायला मला तीनदा सडक अर्जुनीला जावं लागलं. त्या वेळी मी सुमनला जे बोलले ते ऐकून तिच्या अंगणातली कोंबडी दोन दिवस अंड्यावर बसली नाही.

तर त्या इतवारी आम्ही गोंदियाला गेलो. मी, आमचे हे, सुमन आणि प्रशांत. त्यांच्याकडून मीनाताई, त्यांचे मालक आणि मोनाली. मीनाताईंनी आधीच बजावलं होतं, "दुपारी जेवू नका, हाय टी भारी असते." म्हणून सकाळपासून सगळे उपाशी.

आरामात फिरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. कुठंच जायचं नाही, काहीच घ्यायचं नाही आणि चालत राहायचं! बाजार पाहिला. मग बागेत जाऊन बाकावर बसलो. समोर काय पाहायचं? तर दुसऱ्या बाकावर बसलेली माणसं. ती आमच्याकडे पाहून राहिली होती. एक दिवसभर चिखलात धानाची रोवणी करा, पाठ एवढी दुखत नाही, जेवढी ती बिनकामाची बसून दुखली.

तीन वाजता हॉटेलात गेलो. आत थंडगार. आणि टेबलाच्या मधोमध काय?

सोन्यासारखा चमकणारा तीन मजली स्टँड!

खालच्या मजल्यावर पावाचे त्रिकोण, कडा कापून काढलेले, आत काकडीची कागदाएवढी पातळ चकती. मधल्या मजल्यावर अंगठ्याएवढे समोसे. वरच्या मजल्यावर तळहातात दोन मावतील असे केक आणि प्रत्येकावर मलईचं गुलाबाचं फूल. मला सांगा, अंगठ्याएवढा समोसा खायचा असतो की पाहायचा? आमच्याकडचा समोसा हातात धरला की दुसऱ्या हाताचा आधार द्यावा लागतो. असल्या इवल्या इवल्या वस्तू मी जन्मात एकाच ठिकाणी पाहिल्या होत्या.

रुखवतात!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तारीख निघायच्या आधीच विहिणीनं रुखवत मांडलं होतं! केवढा मान! तेवढ्यात आमच्या ह्यांचा हात समोशाकडे निघाला. मी टेबलाखालून लाथ घातली.

"काय करून राहिले जी? रुखवताले हात लावता?"

"अवो, मले भूक लागली."

"भूक लागली म्हून काय इज्जत खासान?"

मी सुमनकडे पाहिलं. तीही कुजबुजली, "हो बाई, रुखवतच व्हय. वरतं फुलं पाहा किती! या बारी मी काही बोलत नाही बाप्पा." एकदा पोळलेली ना!

मीनाताई म्हणाल्या, "घ्या नं समधनजी!"

मी म्हटलं, "घेऊ नं. घाई काय आहे?"

"घ्या हो, तुमच्यासाठीच आहे."

"माहीत आहे. घेऊच."

आता गंमत पाहा. मुलाकडचे खात नाहीत तोवर मुलीकडच्यांनी कसं खावं? ते हात बांधून बसले. आणि आमच्याकडच्यांनी हात लावला तर मी हात मोडणार, म्हणून आमचेही सगळे हात बांधून बसले. सात माणसं, सात रिकामी पोटं, मध्ये तीन मजले भरलेले, आणि कोणी हात लावेना! चहा आला, गार झाला. दुसरा आला. आमचे हे नुसत्या चहाचे चार कप प्यायले. त्यांच्या पोटातून तलावाच्या बेडकासारखा आवाज येऊन राहिला होता.

वेटर मोठा रुबाबदार. पांढऱ्या भरघोस मिशा, गळ्यात काळं फुलपाखरू बांधलेलं. तो दोनदा वाकून विचारून गेला, "माताजी, कुछ कमी रह गई क्या?"

मी म्हटलं, "काहीच कमी नाही, दादा. फार सुंदर मांडलं."

तो डोकं खाजवत गेला.

साक्षगंधाची तारीख पाच मिनिटांत ठरली. एरवी अर्धा दिवस वाद होतो, पण उपाशी माणूस कोणत्याही तारखेला हो म्हणते. मग मी उठले. आमच्या ह्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, टेबलावर पसरला, त्यावर स्टँड अलगद ठेवला आणि चारी टोकांची वर गाठ मारली.

मीनाताईंचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, पोरीच्या वियोगानं. त्यांचे मालक काही बोलायला गेले, तर त्यांनी त्यांचा हात दाबला. मला वाटलं, त्यांचंही मन भरून आलं. वेटर धावत आला, "माताजी, ये तो..."

"राहू द्या दादा, मला उचलता येते."

"जी, मगर..."

मीनाताई बारीक आवाजात म्हणाल्या, "ले जाने दो, भैया. ले जाने दो."

मी मान ताठ करून बाहेर पडले. सुमनकडे असं पाहिलं, की पाहून घे, रुखवत असं न्यायचं राहते!

शहराबाहेर पडता पडता रेल्वेचं फाटक लागलं. बंद. प्रशांतनं गाडी थांबवली. माझ्या मांडीवर स्टँड. मागून आमच्या ह्यांचा रडका आवाज, "एक समोसा तरी दे वो."

"घरी जाऊन आधी देवापुढे ठेवू, मग गावाले दाखवू, मग खासान."

"गाव पाहेवरी मी जित्ता राहीन काय?"

तेवढ्यात मागून एक स्कूटी आली. चालवणारी मोनाली. आणि मागच्या सीटवर कोण? तोच मिशीवाला! गळ्यातलं फुलपाखरू वाऱ्यानं मानेमागे गेलेलं. मी मनात म्हटलं, बाप्पा, अजून रुखवत राहिलंच होतं काय? काच खाली केली आणि म्हटलं, "काय राहिलं, दादा? ठेवा मागं."

तो हात जोडून म्हणाला, "माताजी, रखने नहीं, लेने आया हूँ."

काय न्यायला आला? मला काहीच कळेना. मोनाली पुढे आली. नजर काही खाली गेली नाही.

"काकू, खरं बोलू का? लग्न मोडलं तरी चालेल, पण बोलते. तो स्टँड हॉटेलचा आहे."

"हॉटेलचा कायले राहील? तुझ्या आईनं मांडलेलं रुखवत व्हय ते."

"रुखवत नाही काकू, ते खायचं होतं. सगळे तिथं तसंच देतात. मम्मी म्हणाली, लड़केवाले आहेत, राग येईल, नेऊ दे. पण टेबल या काकांचं होतं. सामान गेलं तर यांच्यावर येते. यांनी काय केलं? म्हणून मी आली."

"बुडाखाली पाहा, माताजी," मिशीवाला हळूच म्हणाला. तोही घाबरून मराठीत आला.

मी गाठ सोडली. प्रशांत खाली वाकला आणि बुडाखालचं वाचलं, "होटल की संपत्ति." मग तो जो मालगाडीकडे पाहायला लागला, त्यानं मान वळवलीच नाही. कोळशाची मालगाडी होती. एवढी लांब मालगाडी मी जन्मात पाहिली नाही. डब्यावर डबा, डब्यावर डबा! धरणीमाय, पोटात घे म्हणायचं, तर खाली रूळ.

सुमन पदर तोंडात कोंबून बसलेली. माझ्या जिभेच्या धाकानं हॉटेलात एकानंही मला खरं सांगितलं नव्हतं. ना पोटच्या पोरानं, ना होणाऱ्या विहिणीनं. सांगायला आली कोण? जिचं सगळं माझ्या हो-नाहीवर अडलेलं, ती! तीही एका वेटरसाठी!

मालगाडी संपली. सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत मागून आमच्या ह्यांचा आवाज आला.

"म्हणजे... खायचं होतं?"

काय सांगू, तो आवाज असा होता की मोनालीला हसू फुटलं. मग सुमनला, मग प्रशांतला. शेवटी मलाही. डोळ्यांतून पाणी येऊन राहिलं होतं. ते हसण्याचंच होतं असं मी सगळ्यांना सांगते.

फाटक उघडलं, पण कोण जाते? गाडी बाजूला घेतली. स्टँड बोनेटवर मांडला. फाटकाजवळच्या टपरीवरून चहा आणला, कडक, अद्रकवाला. मिशीवाल्या दादानं फुलपाखरू समोर घेतलं आणि असं वाढलं, जसं काही हॉटेलातच आहोत. आमच्या ह्यांनी केकाला हात घातला, तर म्हणतो, "बाबूजी, नीचे से शुरू करते हैं." हे म्हणाले, "भाऊ, मी कुठूनही सुरू करतो." दादालाही मी बळेच चार समोसे खायला लावले. खरं सांगते, ते अंगठ्याएवढे समोसे फार चांगले होते. एका वेळी दोन जात होते.

खाऊन झाल्यावर मी पोरीला जवळ बोलावलं. तिला वाटलं, आता ऐकावं लागते.

"काय म्हणली तू? लग्न मोडलं तरी चालेल? आता मोडून दाखव! मी पाहते तू कशी मोडतेस!"

मग दादाला स्टँड परत दिला, पुसून. मीनाताईंना फोन लावला. त्या तिकडून सॉरी म्हणत होत्या, मी इकडून. शेवटी कोण कोणाला माफ करून राहिलं, तेच दोघींना कळेना.

झालं? संपलं असतं तर बरं होतं!

लग्न गोंदियाच्या एका लॉनवर लागलं. आणि मांडवभर रुखवत! लाडू, चिरोटे, साखरेचं तुळशीवृंदावन, काय काय. मी लांबूनच पाहिलं आणि आमच्या सगळ्या वऱ्हाडाला दम भरला, "कोणी बोट लावाल तं याद राखा! एकदा नाक कापलं तेवढं पुरे. जे आहे ते लॉनवाल्याचं आहे." सुमन म्हणाली, "पण बाई, हे तं खरंच..." मी म्हटलं, "तू चूप बैस." चूप बसली. सगळे बसले. मी सांगितलं ना, तिथंच घात होतो.

वरात निघाली. बस त्याच फाटकावर आली, आणि फाटक बंद. फोन वाजला. मीनाताई रडत होत्या. "समधनजी, रुखवत सोडून गेल्या? आमच्या पोरीत काय कमी राहिलं हो?"

मी मागे पाहिलं. नवरी खिडकीतून बाहेर पाहत होती आणि खांदे हलून राहिले होते. रडत नव्हती, हसत होती! तेवढ्यात बसच्या दाराशी स्कूटी थांबली. चालवणारा मुलीकडचा एक पोरगा, आणि मागच्या सीटवर लग्नाला आम्हीच आवर्जून बोलावलेला मिशीवाला. मांडीवर चमकणारा तीन मजली स्टँड, तिन्ही मजले लाडवांनी भरलेले.

हात जोडून म्हणतो, "माताजी, इस बार रखने आया हूँ."

पण मी आता शहाणी झाले होते! म्हटलं, "थांबा दादा, आधी बुड पाहू द्या." आणि दोन्ही हातांनी स्टँड उचलून सरळ उलटा केला.

बुडाखाली अक्षरं कोरली होती. माझ्यासाठीच. "सूनबाईकडून सासूबाईंना सप्रेम."

लाडू मात्र अजून फाटकाकडे गडगडत होते. आणि आमचे हे त्यांच्या मागे.