तोच मास्तर, तोच धडा

ओडिलियाची गोष्ट सांगायला बसलो की तोंडाची चव जाते, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

आम्ही दूर समुद्रातल्या बेटांवरून कॅलिफोर्नियाच्या या खोऱ्यात आलेले गवळी. माझी शाळा तिकडची, गावची. शेणाचा वास मास्तरांच्या अंगालाही यायचा. ओडिलिया माझी पुतणी. पहाटे धारा काढायच्या आणि संध्याकाळी इथल्या गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजात जायचं, असा तिचा नेम. विज्ञानाची मास्तरीण व्हायचं तिच्या मनात होतं. पुढची दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात काढायची होती, आणि तिच्या भावानं गोठा तेवढीच दोन वर्षं सांभाळायचं कबूल केलं होतं. "तिसऱ्या वर्षी मी नाही हं, ताई," हे त्यानं आधीच बजावलेलं.

विद्यापीठाच्या खिडकीवरची बाई गोड हसून म्हणाली, "तिथल्या विषयांची तुमची सगळी क्रेडिट आम्ही घेतली."

"म्हणजे मी थेट तिसऱ्या वर्षाला?"

"तसं नाही. रसायनशास्त्र घेतलं, पण सक्तीच्या विषयात धरलं नाही. ते ऐच्छिकात गेलं."

पाहुण्याला ओसरीवर बसवायचं आणि पानच मांडायचं नाही, असला हा प्रकार. रसायनशास्त्रावाचून पुढचा एकही विषय मिळेना, म्हणजे आख्खं वर्ष वाढलं.

आता खरी घाण ऐका. गावातल्या कॉलेजात संध्याकाळी रसायनशास्त्र शिकवायचे गाराबेदियन मास्तर, आणि विद्यापीठात सकाळी तोच विषय शिकवायचे तेही गाराबेदियन मास्तरच. पुस्तक तेच, प्रयोग तेच, पिवळे पडलेले कागदही तेच. बिचारे स्वतः खिडकीवर गेले.

"बाई, दोन्हीकडे मीच शिकवतो."

"सर, आम्ही अभ्यासक्रम ताडून बघतो. माणसं नाही."

तरी बाई अगदीच दगड नव्हती. प्रकरण समितीपुढे ठेवते, बहुतेक होईल, असं तिनं ओडिलियाला सांगितलं.

आमच्यात कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जात नाहीत. ओडिलियानं रात्रभर पीठ फुगवून गोड पाव भाजला, वर अख्खं अंडं बसवलं, आणि फडक्यात गुंडाळून बाईच्या टेबलावर ठेवला. बाई खुर्ची मागे सरकवून उभीच राहिली. पावात जणू साप होता.

"हे काय?"

"घरचा आहे, बाई. गरम आहे तोवर खा."

"निर्णय व्हायच्या आधी तुम्ही मला वस्तू देताय. मला हे वर कळवावं लागेल."

आणि कळवलं तिनं. अर्ज बंद झाला. पुन्हा करायचा तर पुढच्या वर्षी. पाव लाच म्हणून परत आला, तोही प्लास्टिकच्या पिशवीत, वर चिठ्ठी चिकटवून. मी तो डुकरांना घातला. माणसानं खाण्यासारखा तो राहिलाच नव्हता.

भाऊ काही बधला नाही; त्याची दोन वर्षं पुढच्या अभ्यासाला राखायची, तर हे वाढीव वर्ष तिलाच गोठा सांभाळून काढायचं होतं. ओडिलियानं अर्ध्या गायी विकल्या, उरलेल्यांच्या धारा अंधारातच काढायला लागली, आणि अंगाला गोठ्याचा वास घेऊन सकाळच्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसली. गाराबेदियन मास्तर आत आले. तिला बघून त्यांनी तोंड फिरवलं, ते तास संपेपर्यंत फळ्याकडेच.

शेजारच्या पोरीनं हळूच विचारलं, "हे सर शिकवतात कसे?"

ओडिलिया वही उघडत म्हणाली, "चांगले. संध्याकाळी जरा जास्त चांगले."