बागेखालची माणसं

"आत बसा. आवाज करू नका," मुकादम म्हणाला आणि त्यानं पंपाच्या खोलीची कडी बाहेरून लावली.

आत आमी चौघी. खताची पोती, पाइपांची वेटोळी आणि घरघरणारी मोटर. बाहेर बागेत वरून साहेब आलेले. सरकारी अनुदानातून बाग कशी झाली ते बघायला. पहाटेपासून आमीच वाटा झाडल्या, बाकं धुतली, पाणी मारलं. सगळं लखलखीत झालं आणि मग नगराध्यक्ष म्हणाले, "या बाया फोटोत नकोत."

तास गेला असेल. जनाबाय आमच्यात म्हातारी. तिला लघवीला लागली. मी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. बाहेर टाळ्या चाललेल्या. जनाबाय उभ्या उभ्या भिजली. मग थकली, तरी पोत्यावर बसेना. म्हणाली, "पोतं खराब व्हईल गं."

मी मान फिरवली. दाराच्या फटीतून करंजाचं झाड दिसत होतं. झाडाखाली नवा झोका. झोक्याखाली माझी पोर पुरलेली हाय.

गावाचं नाव सांगत नाय. कर्जत आणि खालापूरच्या मधलं एक गाव. आमी कातकरी. आमच्या वाडीत माणसं पुरतात, आणि बाग व्हायच्या आधी तिथं आमची मसणवट होती. उशाला एकेक दगड, बस. शेलू-नेरळला उठल्या तशा इमारती इकडंही उठल्या. इमारतीतल्या माणसांना फिरायला जागा पायजे झाली. एका सकाळी जेसीबी आला. दुपारपर्यंत एक दगड राहिला नाय. वाडीतले पुरुष लांब उभे राहून बघत होते. मीपण बघत होते. कोणी जेसीबीच्या आडवं गेलं नाय.

मग झाडायला बाया पायजे होत्या. आमालाच बोलावलं. मी गेले. पोट होतं, आणि खरं सांगायचं तर पोरीजवळ राहता येईल म्हणून गेले. करंजाखाली झाडू हलका धरायची. इमारतीतली लेकरं झोका घेताना पायानं माती उकरायची, तेव्हा माझ्या छातीत कोणीतरी उकरल्यासारखं व्हायचं. भर दुपारी बाग रिकामी असायची. तरी झोका हलायचा. वारा असेल. पण करंजाचं पान हलत नसायचं. मी झाडू टेकून बघत राहायची. घाबरायची नाय. लाज वाटायची.

पाहणी झाली त्याच्या पुढच्या आठवड्यात मला नगरपंचायतीच्या हापिसात बोलावलं. सरकार आणखी अनुदान देणार होतं, पण अटी होत्या. बाग पुढं कैक वर्षं नगरपंचायतीनंच सांभाळायची. ती सगळ्यांना खुली ठेवायची. आणि जागेवर कोणाचा दावा नाय असं वाडीकडून लिहून आणायचं. त्यावर सभेत दोन तट पडलेले. एक म्हणत होते अनुदान घ्या. दुसरे म्हणत होते हे ओझं नको, बाग इमारतवाल्यांच्या ताब्यात द्या, ते फाटक लावतील, पास काढतील. भांडण मोठं होतं. पण जागा ठेवायची काय द्यायची, दावा नाय ही आमची सही दोघांनाही पायजे होती.

"बस, बस," नगराध्यक्ष म्हणाले. चहा सांगितला. पयल्यांदा. शाई लावायची डबी पुढं सरकवली. "वाडीत तुझं ऐकतात. तू अंगठा दिलास की बाकीचे देतील."

मी आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकलेय, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मी कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला. "सदर जागा पूर्वीपासून पडीक असून तेथे कोणाचेही दफन झालेले नाही."

मी कागद टेबलावर ठेवला.

"साहेब, हे खोटं हाय."

"अगं, आता तिथे काय आहे? एक दगड तरी दाखव."

"दगड तुमीच काढलेत."

"सही कर. नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नकोस."

 नवऱ्याला रोज काम मिळत नव्हतं, घरात दुसरी कायमची कमाई नव्हती. मला सही करायची होती, हेपण लपवत नाय. पण डोळ्यांपुढं जनाबाय उभी राहिली, भिजलेली, आणि पोत्याची काळजी करणारी. मी पेन मागितलं. कागद उलटा केला. पाठच्या कोऱ्या बाजूला नावं लिहायला लागले. माझा सासरा. जनाबायचा नवरा. तिची दोन लेकरं. आठवतील तेवढी माणसं लिहिली. मग पेन थांबलं. माझी पोर अकराव्या दिवशी गेली. बारसं झालंच नव्हतं. शाळेतल्या बाईंचं नाव मी तिच्यासाठी मनात धरलेलं. नवऱ्यालापण सांगितलं नव्हतं.

लिहिलं. नलिनी.

"कागद खराब केलास," नगराध्यक्ष म्हणाले.

कामावरून काढलं. मुकादम वाडीवर येऊन म्हणाला, "माफी माग गं, परत घेतील."  दोन दिवसांनी सासू म्हणाली, "मेलेल्यांपायी जित्यांना उपाशी ठेवलंस." तिचंपण खरं हाय.  बरोबरीच्या दोघी कामावर जातात. त्यांना मी बोल लावत नाय. जनाबाय मात्र आली, मी तीच नावं नव्या कागदावर अर्जात उतरत होते तेव्हा. म्हणाली, "माझा अंगठा घे. नावांच्या खाली." मागून वाडीतल्या आणखी बाया आल्या. तो अर्ज मी हापिसात दिला आणि पोच घेतली. हापिसाचा शिक्का हाय तिच्यावर.

तेव्हापासून विषय अडलाय. आमच्यामुळं गावाचं अनुदान जाणार असं बाजारात लोक तोंडावर बोलतात. बोलू देत. मला बाग नको असं नाय. लेकरं खेळू देत, त्यांच्या हसण्याचा माझ्या पोरीला त्रास नाय. पण तुमी अनुदान घ्या नायतर सोडा, बागेखाली कोण हाय ते बागेत दगडावर कोरलं पायजे. आमी तिथं कोणाला न विचारता जाणार, बसणार. फाटक लावलंत तर फाटकात बसणार.

पुढची सभा गुरुवारी हाय. मला बोलावणं नाय.

मी जाणार हाय.