अकोल्याला राहिलेली चप्पल

अकोला सोडलं त्या दिवशी मी गाडीत चढलो तो एकाच पायात चप्पल घालून. दुसरी स्टेशनच्या जिन्यावर कुठेतरी राहिली होती. माझ्या खांद्यावर पोत्यात बांधलेलं शिलाई मशीन, मागे बायको शोभा, आणि पोहोचवायला आलेला थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा. गाडी हलली तसा दादा ती चप्पल हातात नाचवत फलाटावरून धावला. "अबे गज्या, चप्पल! चप्पल घे ना बे!" सारा डबा हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. शोभा तेवढी माझ्या उघड्या पायाकडे पाहत होती. भर उन्हातला फलाट मी त्या पायाने तुडवत आलो होतो आणि मला काहीच लागलं नव्हतं.

जुन्या शहरात आम्हा भावांचं टेलरिंगचं दुकान होतं. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांची ही गोष्ट. आधी लग्नाला सफारी शिवणारी माणसं आता जुन्या शर्टाची कॉलर उलटवून न्यायला येत. म्हणून 'दोघांपुरतं काम नाही, मी बडनेऱ्याला जातो' असं मी म्हटलं तेव्हा कोणाला शंका आली नाही. मायने त्याहून बरं कारण शोधलं. "शोभीले सासू नको होती. पोरगं तोडलं माह्यं." मी ते खोडून काढलं नाही. आयतं मिळालं होतं.

खरं कारण आमच्या रक्तात होतं. माझ्या तपासणीत एचआयव्ही निघाला, मग शोभाच्याही. अकोल्याच्या दवाखान्यात आमच्याच गल्लीतला माणूस कामाला होता. बडनेऱ्याहून अमरावती जवळ, आणि तिथल्या औषधाच्या रांगेत आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं. लोक पोटासाठी गाव सोडतात, आम्ही एका रांगेसाठी सोडलं. आजार घरात माझ्यामार्फत आला. कसा, ते शोभाने एकदा विचारलं, मी एकदा सांगितलं. पुन्हा तिने तो विषय काढला नाही, आणि मला तेच जास्त लागतं.

बडनेऱ्याला मशीन मांडलं, पण पायाखाली पायडल आहे की नाही हे मला खाली वाकून पाहावं लागे. एकदा तळव्यात सुई तुटून बसली. शिंप्याच्या पायात सुई, आणि शिंप्यालाच पत्ता नाही! तेव्हापासून शोभा रोज संध्याकाळी माझे तळवे उजेडात धरून पाहते. हळूहळू डोकंही पायासारखं झालं. गिऱ्हाइकाची छाती मोजायची आणि खडू हातात घेईपर्यंत आकडा गायब. काही दिवस तर मी मशीनसमोर नुसताच बसून राही. शोभा दारातून गिऱ्हाइकाला सांगे, "ते बजारात गेले." आत बसून ऐकताना मलाही वाटे, बरं झालं, गेला एकदाचा.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार नसांवर जातो, मेंदूवरही जातो. विसरणं, मन बसून जाणं, यातलं पुष्कळसं त्याचंच आहे, तुमच्या स्वभावाचं नाही. माझ्या स्वभावाबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी बोललं नव्हतं. मनासाठी त्यांनी वेगळी गोळी दिली. तिने मी निदान मशीन चालवू लागलो.

घरात कार्य निघालं की मात्र मला किस्से सांगावेच लागत. लहानपणापासून ते खातं माझ्याकडे. माझं अडखळणं, विसरणं पाहून मी प्यायला लागलो असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं, तरी किस्सा मलाच सांगायला लावत. सगळ्यांचा आवडता किस्सा चपलेचा. त्यात मी फोडणी घातली होती. शोभा पुढे ओढतेय, मी मागे वळून गावाकडे पाहतोय, आणि ती खेकसते, "चला ना, काहून मागं पाहून राहिले!" त्या घाईत चप्पल जाते. सारे हसत. जेवण वाढता वाढता शोभाही हसे.

पुतणीच्या साखरपुड्याला अकोल्याला गेलो. पाहुणे गेले, घरचेच उरलो. शोभा सकाळपासून पोळ्या लाटत होती. दादा म्हणाला, "गज्या, होऊ दे तुही चप्पल." मी सुरुवात केली. जिना आला, पोतं आलं, आणि पुढे सगळं पांढरं. कोण बोलतं, काय बोलतं, काही आठवेना.

"सकाळीच घेतली वाटते यानं," दादा पुटपुटला.

माय शोभाकडे वळली. "पाय, काय करून ठेवलं माह्या लेकराचं!"

तेव्हा चुलीपाशी बसलेल्या शोभाने मला पुढचं वाक्य दिलं. "चला ना, काहून मागं पाहून राहिले." तिने कधीच न म्हटलेलं, मी तिच्या तोंडी घातलेलं वाक्य, जसंच्या तसं.

मग मला किस्सा सांगवेना. मी म्हणालो, "ते तिनं म्हटलंच नाही. माह्या पायाले समजत नव्हतं. एचआयव्ही आहे आमाले. दोघांनाही."

मग मायने विचारलं, "म्हंजे तू पेत नाहीस?"

"नाही पेत."

"बरं," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

जेवायला बसलो. त्या दिवशी सगळ्यांना एकाएकी भाताचीच भूक लागली. पोळ्यांची दुरडी ताटांवरून फिरली आणि भरलेलीच परत आली. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की 'दोघांनाही' म्हणायच्या आधी मी शोभाला विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं तिच्या तोंडी मी खोटं घातलं होतं, आज तिचं खरं तिच्या तोंडून काढून घेतलं.

दादा स्टेशनवर आला. मी गाडीत चढताना वाकून त्याने माझे पाय पाहिले. "दोन्ही आहेत," म्हणाला, आणि मला दंडाला धरून वर चढवलं. दाराशी तो पुष्कळ वेळ उभा राहिला.

गाडी सुटल्यावर शोभाने मांडीवर फडकं सोडलं. आत त्याच पोळ्या होत्या. एक मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवत ती म्हणाली, "इतके वर्षं मी त्या घरात वाईट होती, तं सारे माह्या हातचं खात होते. आज तुमी मले चांगलं केलं, अन् पोळ्या दुरडीत राहिल्या. घ्या, खा."