ससाण्यासाठी हात

वाळत घातलेल्या बोंबलांवरून घारीची सावली फिरली. सवयीने माझा हात वर गेला, पण ओरडायचं राहूनच गेलं. मी तिच्याकडे बघत बसले.

साठीनिमित्त इंग्लंडमधल्या लेकीने मला भेट दिलीय. पुढच्या महिन्यात तिच्याकडे गेले की अख्खा दिवस पाळलेल्या ससाण्यासोबत काढायचा. चामड्याचा हातमोजा घालून हात पुढे धरला की तो लांबून उडत येतो आणि मुठीवर बसतो म्हणे.

"आणि नाही आला तर?" मी फोनवर विचारलं.

"आई, तो मोकळा असतो गं. आपण वाट बघायची."

मला हसू आलं. वाट बघायला मला कुणी शिकवायला नको.

तेव्हापासून रोज सकाळी भरलेला तांब्या डाव्या मुठीत धरून हात पुढे करून उभी राहते. हे विचारतात, "हे काय नवीन खूळ?" हात थरथरतो, पण कालपेक्षा कमी.

जन्मभर हा हात पाखरं हाकलायलाच उचलला. आता तोच हात एका पाखराला बसायला द्यायचा.

तेवढ्यात घारीने झेप घेतली आणि एक बोंबील उचलला.

"ने बाई," मी म्हटलं, "तुझ्या भावकीत माझं काम आहे."