आधीच फेडलेला नवस

सुनेने पोह्यांत ओलं खोबरं आणि गूळ कालवला, वर वेलची टाकली, आणि त्या वासासरशी मी जऊळक्याच्या रेल्वे क्वार्टरात जाऊन पोचले. लढाईचे दिवस होते. मी नवी नवरी. शेजारी स्टेशनमास्तरांचं बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारं ज्यू कुटुंब राहायचं. त्यांचा मुलगा ब्रह्मदेशच्या आघाडीवर होता आणि कित्येक महिने त्याची खबर नव्हती.

त्या दिवशी बाहेर पळस पेटला होता. मास्तरीणबाईंनी एलियाहू नबीच्या नावाने मलिद्याचं, म्हणजे अशाच गोड पोह्यांचं ताट मांडलं, वर गुलाबाच्या पाकळ्या ठेवल्या. हा नबी आला की मागून मसीहा येईल आणि जगातलं दुःख सरेल, असं त्या सांगायच्या.

मी विचारलं, "बाई, पोरगा तं आला नाई अजून. नवस आधीच काहून फेडून राह्यल्या तुमी?"

"आभार मानून ठेवलेत. आता बघू देव नाही कसं म्हणतो."

तेव्हा मला तो भाबडेपणा वाटला. आज वाटतं, बाई देवाशी भांडत होती.

मुलगा आला नाही. पुढच्या वर्षी पळस फुलल्यावर त्यांनी कुंपणावरून मलिद्याला बोलावलं. मी चाचरत विचारलं, "यंदा कोनासाठी?"

"बाकीच्यांची मुलं यायचीत ना अजून," त्या म्हणाल्या.