एंटरवरून भांडलेल्या जावा

ऑफिसात तिला मागून सगळे ‘उलटी रेघ’ म्हणत, आणि ते तिला केव्हाच कळलं होतं. ती पुस्तकं संगणकाच्या ज्या भाषेत जुळवायची, तिच्यातली प्रत्येक आज्ञा उलट्या तिरक्या रेघेने सुरू होते, हे एक कारण. दुसरं कारण तिच्याशी दोन मिनिटं बोललेल्या कुणालाही विचारावं.

दोघा भावांचं ते अक्षरजुळणीचं ऑफिस. ती थोरल्याची बायको. शाळेची पुस्तकं, गणितं, प्रश्नपत्रिका सगळं तिच्या हातचं. धाकटी जाऊ संगणक शिकून आलेली. तिने एक साधन तयार केलं. आज्ञेची दोन अक्षरं टाकली की खाली यादी उघडायची, आणि एंटर दाबला की यादीतली पहिली आज्ञा आपोआप पूर्ण व्हायची. दिराने ते सगळ्या मशीनवर बसवलं.

“मला काय टाकायचंय ते मला अजून आठवतं,” ती म्हणाली.

“वेळ वाचेल, ताई.”

“कुणाचा? तुझा तर बसूनच जातो.”

तिथून दोघींचं बिनसलं.

पुढे एका प्रश्नपत्रिकेत तिने उत्तरासाठी रिकाम्या ओळी सोडणारी ‘उत्तर’ ही आज्ञा टाकली आणि सवयीने एंटर मारून खालच्या ओळीवर गेली. त्या साधनाने ती आज्ञा लांबवून ‘उत्तर दाखवा’ करून टाकली, म्हणजे शिक्षकांसाठी आत लपवलेली उत्तरं उघडी. घाईत पान पुन्हा कुणी पाहिलं नाही. प्रश्नपत्रिका छापून शाळेत पोचली ती उत्तरांसकट.

मुख्याध्यापिका ऑफिसात येऊन बसल्या. त्यांच्यासमोर जाऊ शांतपणे म्हणाली, “साधनाने फक्त सुचवलं. एंटर ताईंनी मारला.”

थोरलीचा चेहरा उतरला. नवरा हळूच म्हणाला, “अगं, जाऊ दे.”

“जाऊ दे काय? मीच जाते.”

आणि खरंच गेली. दुसऱ्या एका जुळणीच्या ऑफिसात तिला हसत घेतलं. पहिल्याच दिवशी तिथे दोन अक्षरं टाकली तर खाली तीच यादी. जाऊने साधन इंटरनेटवर फुकट ठेवलं होतं, आणि इथेही ते सक्तीचं होतं.

साधनाच्या तक्रारींच्या पानावर तिने ‘उलटी रेघ’ या नावाने लिहिलं: “ओळ संपवायला एंटर मारला की नको ती आज्ञा घुसते. हे करणाऱ्याने आयुष्यात एक पान जुळवलेलं दिसत नाही.”

जाऊचं उत्तर आलं: “हा दोष नाही. वापरताना डोळे उघडे ठेवावेत. तक्रार बंद.”

तिने ती पुन्हा उघडली. जाऊने पुन्हा बंद केली. घर मात्र अजून एकच; संध्याकाळी दोघी एकाच स्वयंपाकघरात पाठीला पाठ लावून भाजी चिरायच्या.

मग त्या पानावर परकी माणसं जमली. कुणाचा प्रबंध बिघडला होता, कुणाचं अख्खं प्रकरण. सगळे ‘उलट्या रेघे’च्या बाजूने. शेवटी जाऊने माघार घेतली: सुचवलेली आज्ञा आता टॅब दाबला तरच बसणार, एंटरने नुसती नवी ओळ. खाली कारण दिलं, “अनेकांच्या मागणीवरून.” ‘उलट्या रेघे’चा उल्लेख कुठेच नाही.

तिने करून पाहिलं. काम सुरळीत झालं. क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच तिला राग आला.

“आता तरी बोला एकमेकींशी,” नवरा म्हणाला.

“बोलतेच आहे की,” ती म्हणाली, आणि यादी खालच्या ओळी झाकते अशी नवी तक्रार लिहायला बसली.