पुष्पाअक्काची तीन वाक्यं

पुष्पाअक्काने तलाठ्याला दोन शब्द सांगितले आणि तिचा नवरा कागदावर मेला.

"नवरा?" तलाठ्याने विचारलं होतं.

"चालना गया," अक्का म्हणाली.

आमच्या अहिराणीत याचा अर्थ निघून गेला, एवढाच. तलाठी साताऱ्याकडचा. चोपडा तालुक्यात येऊन त्याला दोन महिने झाले होते. त्याच्याकडे माणूस गेला म्हणजे गेलाच. त्याने मान खाली घातली आणि उत्पन्नाच्या चौकशी अहवालात पितांबर या नावापुढे 'मयत' असं लिहिलं. वर अक्काला पाणी विचारलं. अक्काला वाटलं, माणूस चांगला आहे.

अक्का म्हणजे संघमित्राची आई. संघमित्रा माझी मैत्रीण, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. आमची घरं विहारामागच्या एकाच गल्लीत. अक्का केळीच्या बागांत मजुरीला जाते. बुंध्याशी फुटलेली पिलं विळ्याने कापायची, वाळकी पानं काढायची. केळीचा चीक कपड्यावर पडला की काळा डाग बसतो, तो जात नाही. तिच्या सगळ्या साड्यांवर तसे डाग आहेत. लग्नकार्याची एक साडी तेवढी बिनडागाची.

पितांबरनाना नऊ वर्षांपूर्वी सुरतला साडीच्या मिलमध्ये कामाला गेले. मी तेव्हा सातवीत होते. सुट्टी मिळत नाही म्हणून ते येत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. आमच्याकडे लग्नात आहेर माइकवरून पुकारतात. अक्का आहेर नेहमी नानांच्या नावाने द्यायची. माइकवर नाव घुमलं की कोणीतरी विचारायचं, "काय म्हनस सुरतवाला?"

"बरा शे," अक्का म्हणायची. "सुट्टी भेटत नही."

संघमित्रा बारावी झाली आणि तिला जळगावच्या एका नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली. शिष्यवृत्ती मंजूर झाली तर फी सरकार भरणार. नाही झाली तर जागा सोडायची. यात तिसरं काही नव्हतं.

उत्पन्नाचा दाखला आणायला अक्का एकटी गेली होती. संघमित्रा त्या दिवशी कॉलेजात मूळ कागद द्यायला जळगावला होती. दाखला आला, त्यावर नानांच्या नावाआधी 'कै.' होतं. अक्काला सही करण्यापुरतं लिहिता येतं. तिने तो दाखला तसाच सेतू केंद्रात दिला. तिथल्या माणसाने तो पाहिला आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात 'वडील हयात आहेत का' यापुढे 'नाही' निवडलं. अर्ज गेला.

पंधरा दिवसांनी तो कॉलेजकडून परत आला. शेरा होता, वडिलांचा मृत्यूचा दाखला जोडावा. शेवटच्या तारखेला आठ दिवस उरले होते.

संघमित्रा फोन घेऊन माझ्याकडे आली. गल्लीत कोणालाही सरकारी कागद आला की माझ्याकडे येतो. मी शेरा दोनदा वाचला.

"नाना कधी गेले?" मी विचारलं.

"कोण म्हणतं गेले?" ती म्हणाली.

आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. अक्का नुकतीच बागेतून आली होती. हाताला गोडेतेल चोळून चीक काढत होती. मी सगळं सांगितलं. मयत हा शब्द तिला नीट कळतो. तिचा हात थांबला.

"कोनी सांगं त्याले?"

"तुम्हीच सांगितलं, अक्का."

"मी तं चालना गया सांगं."

मग तिच्या लक्षात आलं. तिला हसू फुटलं. मलाही आलं. संघमित्रा हसली नाही, म्हणून आम्ही दोघी थांबलो.

मी म्हटलं, यात अवघड काही नाही. नानांच्या आधारची प्रत हवी आणि एक सही. सुरतचा पत्ता द्या, मी आजच पाठवते.

अक्का पुन्हा हात चोळू लागली. चीक केव्हाच निघाला होता.

"सुरतले नही शे तो," ती म्हणाली. "धुयाले शे. सात वरीस व्हयनात. तठे त्यानी दुसरी बाई शे. पोऱ्या बी शे एक."

अहिराणीत ळ चा य होतो. धुळ्याचं धुये होतं. मला हे आयुष्यभर माहीत आहे, तरी तो शब्द समजायला वेळ लागला. मी संघमित्राकडे पाहिलं. ती फोनकडे बघत होती.

"तुले माहीत व्हतं?" अक्काने तिला विचारलं.

"अकरावीपासून," संघमित्रा म्हणाली. "धुळ्याच्या स्टँडवर दिसले होते. पोरगं खांद्यावर होतं."

"सांगं नही मग माले?"

"तू सांगितलंस का?"

मग संघमित्रा म्हणाली, त्यांच्याकडे सही मागायला मी जाणार नाही. तू पण जायचं नाही. अक्काने चुलीवर तवा ठेवला.

दुसऱ्या दिवशी अक्का आणि मी तलाठ्याकडे गेलो. संघमित्रा आली नाही. चूक कळल्यावर तो उभाच राहिला. "माफ करा बाई, मला वाटलं..." असं म्हणाला. मग त्याने उपाय सांगितला. नवऱ्याचे कागद आणता येत नसतील तर त्याने सोडल्याचा दाखला काढावा लागेल. त्यासाठी गावात पंचनामा. पाच पंचांसमोर बाईने स्वतः सांगायचं. मग ते लिहून सह्या घ्यायच्या. दाखल्यावर शब्द येईल, परित्यक्ता.

परतताना रस्त्यात अक्काने त्याचा अर्थ विचारला.

"नवऱ्याने सोडलेली बाई," मी म्हटलं.

"टाकेल, आस सांग ना सरय."



पंचनामा सोमवारी ठरला. सोमवारी सकाळी सातला अक्का माझ्या दारात उभी. डोक्याला बागेत जाताना बांधते तो रुमाल नव्हता. नेसली होती ती बिनडागाची साडी.

"प्राची, तू मराठीमा बीए व्हयनी ना?"

"झाले."

"मंग माले शिकाड. तठे कशे बोलतस ते. मना बोलावर त्या साहेबनी एकदाव माणूस मारा. आते पुन्हा चूक नको."

मी तिला तीन वाक्यं सांगितली. ती ओट्यावर बसून म्हणत राहिली. 'माझा नवरा' तिला लगेच जमलं. 'धुळ्याला' जमेना. जीभ य वर जायची. ती थांबायची, पुन्हा म्हणायची. शाळेत मी पाढे म्हणायचे तसं. सोडलं म्हणायचं की टाकलं, असं तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, कागदावर दोन्ही एकच. ती म्हणाली, "कागदवर व्हई." आणि सोडलं ठेवलं.

पंच विहाराच्या ओट्यावर बसले होते. रुपचंद आबा सर्वांत मोठे. त्यांच्या बाजूला केळीचे बागायतदार रतिलाल नाना, वना भाऊ आणि आणखी दोघं. तलाठी प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मांडीवर पॅड.

रतिलाल नानांनीच सुरुवात केली. "साहेब, मयत लिखेल शे ते ऱ्हाऊ द्या ना. आम्ही पाची जन सह्या करी देतस. तो काय भांडाले ई ऱ्हायना?"

"ऊना तं त्यानाच पुण्यानुमोदनले बसाडू," वना भाऊ म्हणाला. "पहिल्या पंगतले."

पुण्यानुमोदन म्हणजे आमच्याकडचं दिवसकार्याचं जेवण. दोघंतिघं हसले. तलाठीही हसला आणि मग घाईने पॅडकडे पाहू लागला.

"वना, गप बस," रुपचंद आबा म्हणाले. मग अक्काकडे वळून हळू आवाजात, "पुष्पा, इचार करी ल्हे. मयत लिखं तं लोके हात जोडतीस. दुसरं लिखं तं..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ते सगळ्यांना कळलं होतं.

"आबा," अक्का म्हणाली, "पोरना पहिलाच कागद खोटा कसाले?"

ती उठून उभी राहिली. पदर सारखा केला. तलाठ्याकडे पाहून सावकाश बोलली.

"माझा नवरा मेलेला नाही. तो धुळ्याला राहतो. त्याने मला सोडलं आहे."

ळ बरोबर आला.

मला वाटलं होतं, ओट्यावर खळबळ होईल. कोणी तोंडावर हात ठेवील, कोणी विचारील, कधी, कोणाबरोबर. तसं काही झालं नाही. पाचही जण खाली पाहत होते. कोणालाच धक्का बसला नव्हता. मी एकेकाचा चेहरा पाहत गेले आणि मला कळलं, यांना माहीत होतं. गल्लीला माहीत होतं. लग्नाच्या माइकवर नाव पुकारणाऱ्यालाही माहीत असणार. वाचून दाखवायला ज्या मुलीकडे सगळे येतात, तिला तेवढं कळलेलं नव्हतं.

"धुयाना मार्केटमा दोनदा भेटना माले," रतिलाल नाना सही करता करता म्हणाले. मान वर न करता.

अक्काने त्यांच्याकडे पाहिलं. सुरतचं सगळ्यांत जास्त तेच विचारायचे.

"मंग माले सुरतनं कसाले इचारेत, नाना?"

रतिलाल नानांनी पेनचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"तुले बरं वाटे म्हणीसन," ते म्हणाले.

अक्का खाली बसली. तलाठ्याने लिहिलेलं वाचून दाखवलं. सदर महिला, सदर इसम, सन, अंदाजे. तिची तीन वाक्यं त्यात कुठेतरी होती. त्याने विचारलं, बरोबर आहे का? ती म्हणाली, "बराबर शे." मग लगेच, "आते पोरनं फारम व्हई ना?"

"व्हई," तलाठी म्हणाला. चुकून असेल किंवा मुद्दाम. वना भाऊसुद्धा हसला नाही.

अर्ज शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी पुन्हा गेला. आठवडाभराने कॉलेजने तो पुढे पाठवला. मंजुरी अजून यायची आहे, पण कॉलेजने संघमित्राचं नाव हजेरीत घेतलं आहे.

त्या दिवशी अक्काने मला अर्ज पहिल्यापासून वाचायला लावला. ती उभ्यानेच ऐकत होती. केळीच्या बागेत न्यायला आलेला ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी थांबला होता आणि बायका हाका मारत होत्या. मी नाव वाचलं, गाव वाचलं, गुण वाचले. वडील हयात आहेत का, होय. वडिलांसोबत राहता का, नाही.

"आनी आईनं?" तिने विचारलं.

आईचं नाव, पुष्पाबाई. व्यवसाय, शेतमजुरी. पालक म्हणून सही, आई.

"ते पुन्हा वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. ट्रॅक्टरवरून पुन्हा हाक आली. तिने रुमाल डोक्याला बांधला आणि गेली.